एका घराची तीन नावे : आजीची स्मृती आणि मराठी गीतरचना

सासर, माहेर आणि आजोळ हे तीन शब्द मराठी भाषकाच्या मनात तीन निरनिराळी घरे उभी करतात. वस्तुतः ती पुष्कळदा एकाच घराची तीन नावे असतात. ज्या घरात एखादी स्त्री सून म्हणून येते ते तिचे सासर. तिथेच जन्मून परघरी गेलेल्या तिच्या लेकीचे ते माहेर. आणि त्या लेकीच्या लेकरांचे ते आजोळ. भिंती त्याच, उंबरठा तोच, चूलही तीच. पिढी पालटली की घराचे नाव पालटते. नावाचा हा सगळा पालट त्याच घरात राहून जिने पाहिलेला असतो ती व्यक्ती म्हणजे आजी होय.

कौटुंबिक आठवणी हे गीतरचनेचे एक प्रेरणास्थान आहे, असे विधान मराठी समीक्षेत अनेकदा आढळते. ते खोटे नाही. पण इतके सैल आहे की त्यातून फारसे काही हाती लागत नाही. आठवणी सर्वांनाच असतात. कोणती आठवण गीत होते आणि कोणती नुसतीच सांगितली जाते, हा खरा प्रश्न आहे. मराठी स्त्रीगीतांच्या परंपरेपुरते या प्रश्नाचे उत्तर असे सुचविता येईल की, गीत हे घडून गेलेल्या प्रसंगाच्या आठवणीतून क्वचितच निर्माण होते; गाणारीचे नात्यातील स्थान बदलते तेव्हा ते निर्माण होते. सुनेची आई होते, आईची सासू होते, सासूची आजी होते, आणि प्रत्येक वळणावर तेच घर तिला नव्याने दिसू लागते. हे मान्य केले, तर ज्या रचनेची आपण 'सामूहिक' आणि 'अनामिक' म्हणून बोळवण करीत आलो, तिला कर्ती आहे आणि ती बहुधा उतारवयातली आहे, हेही मान्य करणे भाग पडते.

कमलाबाई देशपांडे यांनी आपल्या ग्रंथाला 'अपौरुषेय वाङ्मय अर्थात स्त्रीगीते' असे नाव दिले. त्यातील श्लेष मार्मिक आहे. वेदांप्रमाणे कर्त्यावाचूनचे, आणि पुरुषाने न रचलेले, असे दोन्ही अर्थ त्या शब्दात सामावतात. मात्र पुढील अभ्यासात यांपैकी पहिलाच अर्थ प्रभावी ठरला. साने गुरुजी, मालतीबाई दांडेकर, सरोजिनी बाबर, आणि विदर्भापुरते बोलायचे तर काका कालेलकरांसमवेत 'साहित्याचे मूलधन' सिद्ध करणारे वामन चोरघडे, या सर्वांच्या परिश्रमांमुळे हे धन वाचले. पण संकलनाची पद्धतच अशी होती की ओवी वहीत उतरली आणि ओवी म्हणणारी बाहेर राहिली. ती कोण होती, तिचे वय काय, ज्या 'बाळा'ला उद्देशून ती गात होती तो तिचा लेक होता की नातू, हे बहुतेक जुन्या संग्रहांतून कळत नाही. ओवीचा अर्थ लावताना ही उणीव भोवते. 'बाळ' हा शब्द लेकाविषयी असेल तर ओवी एक सांगते आणि नातवाविषयी असेल तर दुसरेच.

यासाठी जात्याकडे वळावे लागते. पहाटेच्या दळणाला दोघी समोरासमोर बसत: सासू-सून, जावा-जावा किंवा नणंद-भावजय. एकाच खुंट्यावर दोघींचे हात. एकीने ओवी उचलायची, दुसरीने तिला जोड द्यायची. घास घालण्यासाठी हात उचलला की तेवढ्यापुरता स्वरही थांबायचा. ओवीचा आटोपशीर साचा या श्रमाच्या लयीने घडविला आहे. त्या साच्यात काही जागा मोकळ्या असतात. तिथे गाणारी आपल्या भावाचे, गावाचे, लेकाचे नाव बसविते. म्हणजे ओवी वारशाने येते, पण म्हणताना प्रत्येक वेळी ती त्या त्या घराची होते. ही नावे भरण्याची क्रिया गौण मानण्याची आपल्याला सवय आहे. खरे तर रचनेचा निर्णायक क्षण तोच होय. आईकडून आलेल्या ओवीत मामाचे नाव असते. लेकीने ती उचलली की तिथे भावाचे नाव येते. आणि तिला नातू झाला की त्याच जागेवर त्याची वर्णी लागते. तीन पिढ्यांची स्मृती त्या एका रिकाम्या जागेत साठत जाते. मांडीवर किंवा जात्याशेजारच्या गोधडीवर निजलेले मूल हे सारे अर्धवट झोपेत ऐकत असे, आणि संसाराला जुंपलेल्या आईपेक्षा मोकळ्या झालेल्या आजीच्या मांडीवर ते असण्याचा संभव अधिक.

नावांसंबंधी आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक समाजांत होती व आहे. विशेषतः आजोबा हयात नसतील तर. पण जिने जन्मभर नवऱ्याचे नाव उच्चारले नाही, आणि जिने सासऱ्याचे नाव घ्यायचे नाही, त्या दोघींनी या बाळाला हाक कशी मारावी? मग घरात त्याला आबा, तात्या, अण्णा, बाळ असे काहीतरी म्हटले जाते आणि पाळण्यातले खरे नाव शाळेच्या दाखल्यापुरते उरते. ओव्यांमध्ये लेकरांसाठी राघू, मैना, तान्हा ही संबोधने इतक्या विपुलतेने का येतात याची चर्चा अलंकाराच्या अंगाने झालेली आहे. तिला नामोच्चाराच्या या निषेधाची जोड देऊन पाहायला हवे. सर्वच राघूंचा उगम तिथे आहे असे नाही. पण ज्याचे नाव घेता येत नाही त्याला गाण्यात आणायचे तर प्रतिमेवाचून गत्यंतर नसते. आणि त्या बाळाच्या रूपाने नवऱ्याची आठवण गाताना, ती आठवण आहे हे कोणालाही न सांगण्याची सोयही त्यात असते.

नातवंड म्हणजे दुधावरची साय, असे आपण सहज बोलून जातो. या बोलण्यात जिव्हाळा आहे तसे निरीक्षणही आहे. साय ताज्या दुधावर येत नाही. दूध तापावे लागते आणि मग निवावे लागते. आजीपण हे निवलेल्या दुधाचे वय आहे. तापण्याचा काळ ज्यांच्या वाट्याला आला ते सारे अद्याप त्याच घरात वावरत असतात, ही त्यातील अवघड बाजू म्हणी सांगत नाहीत, गाणी सांगतात.

बहिणाबाई चौधरी यांची कविता या संदर्भात पुन्हा पाहिली पाहिजे. १८८० साली असोद्याच्या महाजनांच्या घरात जन्मलेली, तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींकडे सून म्हणून आलेली आणि ऐन तारुण्यात वैधव्य वाट्याला आलेली ही स्त्री निरक्षर होती. शेतात आणि घरोटावर काम करता करता ती रचना करीत असे. तिच्या कवितेतील निसर्ग, तत्त्वचिंतन आणि म्हणींसारख्या घट्ट ओळी यांवर विपुल लिहिले गेले आहे. त्या मानाने तिच्या माहेरच्या गाण्यांकडे 'सासुरवाशिणीच्या भावना' म्हणून पाहून पुढे जाण्याचा प्रघात आहे. असोदे जळगावपासून अगदी जवळचे. म्हणजे हे माहेर दुरावलेले नव्हते; चालत जाता येईल असे होते. तरीही त्या वाटेवर तिच्या पायाला ठेच लागते तेव्हा दगडदेखील तिच्याशी बोलतो आणि आपण तिच्या माहेरच्या वाटेवरचे असल्याचे सांगतो. आठवणीने येथे प्रसंग दिलेला नाही. तिने दगडाला नाते दिले आहे.

याहून महत्त्वाची आहे ती योगी आणि सासुरवाशीण यांच्या संवादाची रचना. माहेराची एवढी थोरवी गातेस तर सासरी नांदतेस कशाला, असा प्रश्न योगी विचारतो. हा प्रश्न तार्किक आहे, आणि संसार न केलेल्या माणसालाच सुचावा असा आहे. तिचे उत्तर थोडक्यात असे की, आपल्या लेकीला माहेर असावे म्हणून आई सासरी राहते. मराठी कवितेत कुटुंबसंस्थेविषयी याहून नेमके विधान क्वचितच झाले असेल. या उत्तरात सासर आणि माहेर हे विरोधी शब्द राहत नाहीत. आज जे माझे सासर आहे ते उद्या माझ्या लेकीचे माहेर होणार आहे. मी येथून उठून गेले तर तिला परतून यायला घर उरणार नाही. हे सोसण्याचे उदात्तीकरण आहे, असा आक्षेप स्त्रीवादी दृष्टीने घेता येईल आणि तो अस्थानी नाही. ज्या घरात राहणे हा पर्यायच नसतो, तिथे राहण्याला हेतू दिला की बंधनाला व्रताचे रूप येते. परंतु बहिणाबाईंच्या उत्तरात व्रताची भाषा नाही. ती पिढ्यांच्या देवघेवीचा हिशोब मांडते. माझ्या आईने माझ्यासाठी जे घर राखले त्याची परतफेड आईला करता येत नाही. ती लेकीलाच करावी लागते. आणि लेकीच्या लेकरांचे आजोळ हे त्या परतफेडीचे व्याज. कवितेत आजी हा शब्द नाही, पण उत्तर देणारीची नजर आजीपणाच्या टोकापर्यंत पोहोचलेली आहे.

ही रचना आज आपल्यासमोर आहे ती तिच्या मुलामुळे. सोपानदेव चौधरी स्वतः कवी होते. त्यांनी आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी आईच्या मुखातील गाणी वेळोवेळी टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई निवर्तल्या. सोपानदेवांनी ती गाणी आचार्य अत्रे यांना दाखविली, आणि त्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. घरात लिहिता मुलगा नसता तर याच रचना खानदेशातील अनामिक स्त्रीगीते म्हणून एखाद्या संग्रहात विखुरल्या असत्या, किंवा कोठेच आल्या नसत्या. जे टिपले गेले नाही ते किती, याचा अंदाजही करता येत नाही. 'अपौरुषेय' आणि 'कवयित्री' यांच्यातील अंतर येथे केवळ एका वहीचे आहे.

या प्रकाशनात एक योगायोग दडलेला आहे. केशवकुमार या नावाने अत्र्यांनी लिहिलेली 'आजीचे घड्याळ' ही कविता मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना परिचित आहे. घरात घड्याळ दिसत नसताना आजीला वेळ अचूक कशी कळते याचे कोडे पडलेला नातू त्या कवितेत बोलतो, आणि ते घड्याळ आजीने कोठे दडवले आहे याचा शोध घेतो. कोंबड्याचे आरवणे, उन्हाची उतरण यांवर चालणारे आजीचे कालभान नातवाला जादूसारखे वाटते. कविता सुंदर आहे. परंतु ती आजीवरची कविता आहे, आजीची नव्हे. मराठीतील लिखित कवितेत आजी बहुधा अशीच, नातवाच्या डोळ्यांनी पाहिलेली, येते. ग. दि. माडगूळकरांचे आगगाडीतून मामाच्या गावी जाण्याचे गीतही प्रवासी मुलाच्या तोंडचे आहे; त्या गावी दारात वाट पाहत कोणी उभे असेल तर तिचे मनोगत गीताच्या कक्षेत येत नाही. बहिणाबाईंची गाणी छापून आल्याने दुसरी बाजू प्रथमच ग्रंथरूपाने समोर आली, आणि तिला प्रस्तावना लिहिणारा कवी तोच होता ज्याने नातवाची बाजू मांडली होती.

विदर्भाकडे वळताना हे लक्षात ठेवावे लागते की, घरच्या मंगलकार्यात वडीलधाऱ्या स्त्रीने गाणे रचून म्हणावे ही रीत येथे ग्रंथाच्या आरंभापासून आहे. तेराव्या शतकात रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहलीलेच्या निमित्ताने महदंबेने 'धवळे' गायिले. वराला उद्देशून म्हणायची ही गीते. विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचा. महदंबेला आद्य मराठी कवयित्री म्हणून गौरविताना तिच्या गीतांचा हा घरगुती प्रयोजनाचा धागा आपण सैल सोडतो. रुक्मिणीचे माहेर परंपरेने वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर मानले जाते, म्हणजे रिद्धपूरच्याच मुलखातले. अलौकिक विवाहाची कथा ही गाणारीच्या दृष्टीने आपल्याकडच्या लेकीच्या पाठवणीची कथा होती. वैधव्यामुळे जिला विवाहमंडपात मान नसायचा तिनेच ही गीते गावीत, यालाही अर्थ आहे. ज्या कार्यात आपल्याला हात लावता येत नाही त्यात आवाज मिसळता येतो.

नागपूर आणि आसपासच्या भागात ही परंपरा आजच्या पिढीला भेटते ती भुलाबाईच्या रूपाने. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती घरी बसवायच्या, संध्याकाळी मुलींनी घरोघर जाऊन गाणी म्हणायची, टिपऱ्या खेळायच्या, आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखायचा. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव उभारून सांगता करायची. पश्चिम महाराष्ट्रातील भोंडला किंवा हादगा यांच्याशी या खेळाचे साम्य उघड आहे. मात्र तिकडे पाटावरच्या हत्तीभोवती फेर असतो, इकडे शंकर-पार्वतीचा संसारच मांडलेला असतो. पार्वती रुसते, माहेरी निघते, तिला गणेश होतो, पाळणा हलतो. देवाच्या संसारात आणि शेजारच्या घरातल्या संसारात फारसा फरक नसतो.

या गाण्यांचा आशय मुलींच्या वयाशी जुळत नाही, हे निरीक्षण नवे नाही. सात-आठ वर्षांची मुलगी सासूच्या जाचाविषयी गाते. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला कारल्याचे बी पेर, वेल येऊ दे, कारली लागू दे, भाजी कर, मग जा, असे लांबणीवर टाकणाऱ्या घराविषयी गाते. रुसून बसलेल्या सुनेला न्यायला सासरा येतो, दीर येतो, प्रत्येक जण दागिन्याचे आमिष दाखवितो आणि ती नाकारते, याची मालिका टिपऱ्यांच्या तालावर म्हणते. तिने यातले काही अनुभवलेले नाही. बालविवाहाच्या काळात ही पुढच्या आयुष्याची तालीम होती, असे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. ते ग्राह्य आहे, पण अपुरे आहे. तालीम म्हटली की ती घेणारे कोणीतरी असते. ही गाणी मुलींना कोण शिकविते?

बहुतेक घरांत ती आजी शिकविते. खाटेवर किंवा ओसरीच्या कडेला बसून ती चुकलेला शब्द सुधारते, विसरलेले कडवे पुरविते, आणि पूर्वी याच्या पुढे आणखी दोन कडवी होती म्हणून हळहळते. तिला हे गाणे पाठ आहे, कारण त्यातले सारे तिने सोसलेले आहे. तिची आठवण नातीकडे अनुभवाच्या आधीच येऊन पोहोचते. पण त्या वेळी घरात तिसरी एक स्त्री असते, आणि ती आत स्वयंपाकघरात मुलींच्या खाऊची तयारी करीत असते. ती या मुलीची आई आणि या आजीची सून. ओसरीवर ज्या सासूची टिंगल चालली आहे ती सासू, तिच्या दृष्टीने, ते गाणे शिकविणारीच आहे. ज्या सासरच्या नावाने मुली टिपऱ्या वाजवीत आहेत, ते सासर म्हणजे हेच घर. नातीला मात्र ते अजून नुसते घर आहे. पुढे ते तिचे माहेर होईल, आणि मग हीच गाणी म्हणताना तिला ओसरी आठवेल.

भुलाबाईच्या गाण्यांतील विनोद इतका निर्विष का राहतो, याचे उत्तर या मांडणीत आहे. स्वतः सासू झालेली स्त्री सासूविरुद्धचे गाणे नातीला शिकविते तेव्हा ती आपल्या तरुणपणाची बाजू घेत असते आणि आपल्या आजच्या वागण्यावर, कळत-नकळत, शेराही मारीत असते. आतली सून ते ऐकते. ती आज गात नाही. मधल्या पिढीचे हे मौन स्त्रीगीतांच्या अभ्यासात फारसे नोंदले गेलेले नाही. ओवीत जी बाई सासरचे दुःख बोलते ती सासरी बसून बोलते आहे की माहेरी आल्यावर, की वीस वर्षांनी त्याच घराची मालकीण झाल्यावर, हे ठाऊक नसेल तर तिच्या स्वराची जात ओळखता येत नाही. दुःख भोगत असताना ते गाता येते, ही समजूत कवींनी पसरविलेली आहे. जात्यावर सासूच्या समोर बसलेल्या सुनेला ती परवडणारी नव्हती. तिला भावाचे कौतुक गाता येत होते, बापाच्या वाड्याचे वर्णन करता येत होते. जाचाचे गाणे गाण्यासाठी तिला एकतर माहेरी जावे लागे किंवा आजी होईपर्यंत थांबावे लागे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रूढी येथे विचारात घ्यावी. त्या प्रथेनुसार मूल जन्मते ते आजोळी, आणि त्याच्या कानावर पहिले गाणे पडते ते आईच्या आईचे. ज्या दिवशी माहेराचे आजोळ होते त्या दिवशी घरात नवे गीत लागते. अंगाईत मामाचा, कुंचीचा, वाळ्यांचा उल्लेख येतो तो त्यामुळे. आईच्या आईचे गाणे मोकळे असते, कारण त्या घरात बाळाच्या आईला ऐकण्याची चोरी नसते. आजीची दोन रूपे, आईची आई आणि वडिलांची आई, मराठी एकाच शब्दात बांधते. गाण्यांत मात्र ती वेगळी ओळखू येतात. एकीच्या गाण्यात पाहुण्या लेकराला निरोप द्यायचा आहे. दुसरीच्या गाण्यात वंशाच्या दिव्याचा अभिमान आहे, आणि तोंडावर न आलेले ते नावही.

आश्विनातच नागपुरात आणखी एका गीतधारेचे मूळ आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. कडेवर मुले घेऊन आलेल्या स्त्रिया त्या जनसमुदायात होत्या. त्या गावी परतल्या तेव्हा जाते तेच होते आणि ओवीचा साचाही तोच होता. रिकाम्या जागेत येणारे नाव बदलले. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या पुढाकाराने झालेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत, आणि त्यांत बाबासाहेब व रमाई यांच्यावरील ओव्यांचे दालन मोठे आहे. या ओव्यांमध्ये बाबासाहेब नेता म्हणून येतात त्याहून अधिक भाऊ, बाप, घरी येणारा पाहुणा म्हणून येतात, आणि रमाई आई म्हणून. यास भाबडेपणा म्हणणे ही अभ्यासकाची चूक ठरेल. ज्या परंपरेत स्मृती टिकवून धरण्याचे एकमेव ठिकाण कुटुंब आहे, तिथे इतिहासपुरुषाला टिकवायचे तर त्याला नात्यात घ्यावे लागते. जिने तो दिवस पाहिला तिने नातवंडांना सांगताना तारखेचा आधार घेतला नाही; भावाच्या नावाची जागा बाबासाहेबांना दिली. पंढरीला माहेर म्हणण्याची संतांची रीत आणि ही रीत यांत रचनेचे साम्य आहे. आशयाचा भेद स्पष्टच आहे, कारण येथे माहेर देवाकडे नाही, माणसाकडे आहे.

नागपूरशी निगडित अशा दोन श्रेष्ठ कवींकडे या दृष्टीने ओझरते पाहता येईल. सुरेश भटांना कवितेची गोडी आई शांताबाईंकडून लागली, हे सर्वश्रुत आहे. त्यांच्या गझलेत ही आई विषय म्हणून शोधू गेल्यास फारसे सापडणार नाही. ती कानात आहे, शब्दाच्या ठेक्यात आहे. कौटुंबिक स्मृतीचे हे रूप समीक्षेला नेहमीच निसटते. ग्रेस यांच्या कवितेत याउलट आई सतत आहे, पण ती जात असलेली आहे. 'संध्याकाळच्या कविता' (१९६७) पासून त्यांच्या रचनेत जे घर दिसते त्याला दुसरे नाव मिळत नाही. ते कोणाचे माहेर होत नाही, कोणाचे आजोळ होत नाही, आणि म्हणून त्यात परतता येत नाही. त्या कवितेच्या दुर्बोधतेची चर्चा पुष्कळ झाली. तिच्यातील एकाकीपण हे पिढ्यांची साखळी तुटल्याचे एकाकीपण आहे काय, हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे.

पिठाच्या गिरणीने जाते थांबविले. सदनिकांमध्ये ओसरी उरली नाही. भुलाबाईच्या गाण्यांच्या अलीकडे स्पर्धा होतात, त्यांत पाठ छापील पुस्तिकेवरून घेतला जातो आणि चुकलेला शब्द परीक्षक सुधारतात. यात वाईट काही नाही. परंतु पुस्तिकेला स्वतःची सून नसते, त्यामुळे तिच्या सुधारण्यात तो शेरा नसतो. इंदिरा संतांसारख्या कवयित्रीने आयुष्याच्या उत्तरार्धात ओव्यांकडे वळून 'मालनगाथा' सिद्ध केली, यामागे केवळ संग्राहकाची जिज्ञासा होती असे वाटत नाही. स्वतःच्या कवितेत जिने घराचे मौन लिहिले, तिला उतारवयात दुसऱ्या स्त्रियांच्या घरांची नावे ऐकावीशी वाटली.

जात्यावरच्या ओव्यांच्या उपर्युक्त संकलनाने गाणारीचे नाव आणि गाव ओवीसोबत नोंदविले, हा पूर्वीच्या पद्धतीत झालेला मोठा बदल होय. विदर्भात अद्याप गाणी ठाऊक असलेल्या ज्या वृद्ध स्त्रिया आहेत त्यांच्याकडून संकलन करताना या नोंदीत आणखी दोन रकाने वाढविणे अगत्याचे आहे: गाणे कोणाकडून ऐकले, आणि ते कोणाला शिकविले. पहिल्या रकान्यात पुष्कळदा आई किंवा आजीचे नाव येईल. दुसरा विचारताना विद्यार्थ्याने घाई करू नये. बाई थांबेल, आतल्या खोलीकडे पाहील, नातीला हाक मारील, आणि नात आली तर वही बाजूला ठेवून आधी ऐकावे.